दोन पिवळ्या चिठ्ठ्या

सोमवार, ता. ७ जानेवारी १९४६

श्रीगजाननाच्या कृपेने आज सांगलीत पाऊल टाकलं. सातारारोडला गाडीत बसताना थंडीने दात वाजत होते, मिरजेला उतरलो तर ऊन अंगाला लागत होतं. पुढे टांगा केला. टांगेवाले चांदसाहेब वयस्क गृहस्थ. ह्यांच्या अंगावरचा पलटणीचा खाकी कोट बघून म्हणाले, लढाई संपली जवान, आता चूल पेटवा. मी पदराआड हसले. खरंच, माझी स्वतःची म्हणावी अशी ही पहिलीच चूल. लग्न झालं आणि हे पलटणीच्या इस्पितळाबरोबर ब्रह्मदेशाच्या वाटेला लागले. मी साताऱ्यात सासूबाईंच्या हाताखाली. पत्रं यायची ती सरकारने निम्मी काळी केलेली. कुशल आहे एवढंच वाचायला मिळायचं, पण तेवढं पुरे होतं.

जागा हरिपूरच्या रस्त्याला आहे. दोहों बाजूंनी चिंचांची सावली. पुढे डॉक्टर लालासाहेब पिसाळ यांचं तपासणीघर, तिथे ह्यांची नोकरी. मागे आमच्या दोन खोल्या, मधे आड. आडाचं पाणी जड आहे, डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. बाकी नाव ठेवायला जागा नाही. वारा पेठेकडून आला की साऱ्या घरात हळदीचा वास भरतो. देवघरात रोज हळद-कुंकू वाहते तोच हा वास. मला तर ते आशीर्वादासारखं वाटलं.

कागद मिळत नाही म्हणून हिशेबाच्या वहीची मागची पानं रोजनिशीला घेतली आहेत. देवा, ही पानं सुखाने भरू देत.

गुरुवार, ता. १० जानेवारी

हे नेमकं काय काम करतात ते आज समजलं. कोणाच्या मांडीत, दंडात, पाठीत मांसाची गाठ आली की तिचा लहानसा तुकडा कापून इथे येतो. कुजू नये म्हणून तो फॉर्मालिन नावाच्या झोंबऱ्या पाण्यात बुडवलेला असतो. बाटलीचं बूच काढलं की डोळ्यांना धारा लागतात. हे तो तुकडा मेणात बसवतात आणि यंत्रावर असा पातळ चिरतात की कांद्याचा पापुद्रासुद्धा त्यापुढे गोधडी वाटावा. तो पापुद्रा काचेवर घ्यायचा आणि रंगवायचा. रंग दोन. एक लाकडाच्या अर्काचा. तो आधी तांबूस दिसतो आणि आपल्या आडाच्या जड पाण्यात धरला की निळाजांभळा होतो. दुसरा गुलाबी. मी म्हटलं, यात नवल काय, हळदीला चुना लागला की ती लाल होते, लिंबू लागलं की पुन्हा पिवळी. हे हसले आणि म्हणाले, म्हणजे तू निम्मं काम शिकूनच आलीस की.

मग त्यांनी मला मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलं. गुलाबी लुगड्यावर जांभळे ठिपके, असं दिसलं. फार सुंदर होतं. ते कुणाचं तरी मांस आहे हे डोळा काढल्यावर आठवलं आणि मी घरी जाऊन आंघोळ केली.

सोमवार, ता. १४ जानेवारी

संक्रांत. आळीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. वाण म्हणून एकेक सुईदोरा दिला. उगाच मिरवायची मला हौस नाही. तिळाला भाव चढले आहेत म्हणून वड्यांत दाण्याचा कूट मिसळला, कुणाला कळलं नाही.

कुंकू घरीच केलं. रंग पक्का करणारा टाकणखार मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, म्हणून हळदीत चुन्याची निवळी घालून भागवलं. डॉक्टरांच्या मातोश्री मनुबाई आल्या होत्या. कपाळाला बोट लावून घेताना म्हणाल्या, "सूनबाई, चुन्याचं कुंकू लाजरं असतं हो. जरा आंबट लागलं की पळतं." सगळ्या हसल्या. मीही हसले. रंग मात्र काय सुरेख आला होता, डाळिंबासारखा.

शनिवार, ता. २ फेब्रुवारी

माझं अक्षर बघून डॉक्टरांनी मला काम दिलं. बाटलीत तुकड्याबरोबर एक जाड कागदाची चिठ्ठी टाकावी लागते. तिच्यावर शिसपेन्सिलीने रोग्याचं नाव लिहायचं, कारण शाई त्या पाण्यात टिकत नाही. तेच नाव रजिस्टरात. पूर्वीचा कारकून पुण्याला गेला, तेव्हा हे आता मी करते. देवपूजा आणि स्वयंपाक आटोपून जाते. जाड कागद विलायती आहे आणि सध्या येत नाही, म्हणून मी एकेका चिठ्ठीच्या दोन केल्या. डॉक्टरांनी पाठ थोपटावी तशी मान हलवली.

डॉक्टर पन्नाशीचे, विधुर, बोलायला गोड. गाठ किती वाईट ते मोजायच्या चार पायऱ्या आज त्यांनी समजावल्या. ठिपके एकसारखे, शिस्तीत, पलटणीगत ओळीने उभे असतील तर पहिली पायरी. तसा माणूस गाठ काढून नातवंडं खेळवतो. ठिपके वेडेवाकडे, गर्द, एकात एक फुटलेले, बाजार उठल्यासारखे दिसले तर चौथी. त्याचा हात किंवा पाय तातडीने उतरवायचा, तरी पुढची दिवाळी दिसेल याचा भरवसा नाही. दुसरी नि तिसरी मधल्या. जगभरचे डॉक्टर आता असंच मोजतात म्हणे.

मी म्हटलं, बाळाच्या सहाव्या दिवशी सटवाई कपाळी लिहून जाते, ते कुणाला वाचता येत नाही. डॉक्टर म्हणाले, बाई, तिची लिपी कपाळावर नसते, मांसात असते, आणि आपण तिला शाई पुरवतो.

त्यांचं हे बोलणं मला आवडलं नाही. संध्याकाळी गणपतीला गेले आणि त्यांच्या वतीने क्षमा मागितली.

गुरुवार, ता. २१ फेब्रुवारी

ह्यांच्या उजव्या मांडीत गाठ आहे.

मी पाठीला तेल चोळत होते. हे पालथे होते आणि हात खाली सरकला तर लिंबाएवढं काहीतरी कातडीखाली. मी विचारलं. म्हणाले, असेल काही, ब्रह्मदेशात पडलो होतो. कधीपासून, विचारलं. धोतर ओढून घेतलं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या गाठींना रोज रंग चढवणारा माणूस, आणि स्वतःची धोतरात झाकून हिंडत होता! माझ्या तोंडून कडू शब्द गेले. ह्यांनी ते ऐकून घेतले.

देवाला सव्वा शेर दुर्वा बोलले आहे.

मंगळवार, ता. २६ फेब्रुवारी

आज दुपारी डॉक्टरांनी तुकडा काढला. लहानसहान चिरफाड ते इथेच, पुढच्या खोलीत करतात. ह्यांच्याआधी शिराळ्याकडचा एक रोगी होता, त्यालाही मांडीतच गाठ. त्याची बायको राहीबाई बाहेर ओट्यावर बसून होती. दणकट, उन्हाने रापलेली, नाकात नथ. नवरा भुलीखाली होता म्हणून चिठ्ठीसाठी मी तिलाच नाव विचारलं. तिने जीभ चावली.

"आवं ताई, धन्याचं नाव कसं घिऊ? तुमी घेता व्हय?"

मी म्हटलं, मग उखाणा घे. तर म्हणते कशी, "उखाणा बारशात घ्यायचा, हितं कुठं मांस कापायच्या घरात? माझा मालक हाय तो, दवाखान्यातलं गाठोडं न्हाई." आम्ही दोघी हसलो. तिला हसू आलं आणि मग रडू आलं. मला म्हणाली, ऊस उभा आहे, बैल हाकणारा हा एकटा, लेकरं लहान. पाय ठेवतील ना? मी म्हटलं, गजानन ठेवील.

त्याच्या चिठ्ठीवर मी तेवढ्यापुरतं हळदीचं बोट लावलं. माझ्या कमरेला हळद-कुंकवाची डबी असतेच.

मग ह्यांची पाळी. डॉक्टरांनी बाटली हातात दिली, म्हणाले, नाव घाला. पेन्सिल टेकवली आणि हात चालेना. ह्यांचं नाव मी कधी घेतलं नाही नि लिहिलंही नाही. धन्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य उणं होतं, असं आई सांगायची. मॅट्रिक झाले म्हणून ते सोडावं असं काही मी शिकले नाही. आणि आजच्या दिवशी, त्या बाटलीत, त्या मांसाच्या शेजारी ते नाव बुडवायचं? मी कुंकवाचं बोट लावलं. माझंच सौभाग्य आहे, त्याची खूण याहून चांगली कोणती? बूच लावलं.

राहीबाईचा नवरा संध्याकाळी शुद्धीवर आला. जोतिबा नाव. रजिस्टरात लिहिलं. बाटली उघडून चिठ्ठी बदलायची होती, पण जाड कागद वाया, शिवाय डोळ्यांना त्रास. हळद ती त्याची, कुंकू ते ह्यांचं. यात विसरण्यासारखं काय आहे?

डॉक्टर कोल्हापूरला गेले. हे पडून आहेत. पुढचं काम ह्यांनी खाटेवरून सांगायचं, मी करायचं.

बुधवार, ता. २७ फेब्रुवारी

सकाळी बाटल्या उघडल्या. दोन्ही चिठ्ठ्या पिवळ्या.

चुन्याचं कुंकू. ते झोंबरं पाणी आंबट असतं, असं हे म्हणायचे ना. लाल रंग गेला आणि खालची हळद राहिली. आता हळद नि हळद. उजेडात नेऊन पाहिल्या, उलट्या करून पाहिल्या, हुंगल्या. बाटल्याही सारख्याच, आणि काल टेबल पुसताना मी त्या हलवल्या होत्या. कुठली डावीकडे होती?

सांगायला हवं. दुसरा तुकडा काढता येईल. पण हे कण्हताहेत, रात्रभर ताप होता. आणि जोतिबा शिराळ्याला गेला, त्याला पुन्हा बोलवायचं, पुन्हा सुरी. डॉक्टर म्हणतील, मॅट्रिक झालेली बाई, एवढं एक काम.

एक तुकडा किंचित गोरा आहे. शेतकऱ्याचं मांस राठ असेल. हे गोरे आहेत. होय, गोरा तो ह्यांचा. गजाननासमोर दोन फुलं ठेवून कौल लावला, उजवं पडलं. उजवं म्हणजे होय.

त्या बाटलीत नवी चिठ्ठी टाकली, 'आपला' असं लिहून. दुसरीत 'जोतिबा, शिराळा'.

कापलेल्या मांसाला गोरेपणा नसतो हे मला ठाऊक आहे. तरी लिहिलं.

मंगळवार, ता. ५ मार्च

डॉक्टर आले. काचा पाहिल्या. ह्यांची पहिली पायरी! ठिपके ओळीने उभे आहेत म्हणाले. घाई नाही, मुंबईचा दौरा आटोपला की उन्हाळ्यानंतर गाठ काढू, पायाला धक्का नाही. मी देवघरात जाऊन पडले आणि पोटभर रडले. सव्वा शेर दुर्वा, एकवीस मोदक, संकष्टी जन्मभर.

जोतिबाची चौथी. मिरजेला एका सर्जनना चिठ्ठी दिली आहे, पाय खुब्यातून उतरवायचा. राहीबाई ओट्यावर होती. मी आतूनच तिला गूळपाणी पाठवलं. बाहेर गेले नाही.

फुलाचा कौल खरा ठरला. देव खोटं कसं बोलेल?

बुधवार, ता. २० मार्च

जोतिबाचा पाय गेला. तो माणूस वाचला, जखम भरते आहे.

आज त्या पायातली अख्खी गाठ इथे आली, पुन्हा तपासायला. डॉक्टर हे नेहमी करतात, पहिलं वाचन बरोबर होतं की नाही ते बघायला. बाटली मोठी होती. मी चिठ्ठी लिहिली. नीट, पूर्ण नाव, गावासकट.

ह्यांची गाठ आता लिंबाएवढी नाही. मोसंबीएवढी आहे. पहिल्या पायरीची गाठ सावकाश वाढते, असं डॉक्टर म्हणाले होते.

माझं कुंकू दुपारपर्यंत पिवळं पडतं. घामाने पडत असेल. उन्हाळा आला.

मंगळवार, ता. २ एप्रिल

त्या पायाची काच तयार झाली. ह्यांनीच रंगवली. डॉक्टर फार वेळ डोळा लावून बसले, मग म्हणाले, चमत्कार आहे, इथे सगळं शिस्तीत, पहिल्या पायरीसारखं. एकच गाठ एका अंगाला माणसाळलेली आणि दुसऱ्या अंगाला रानटी असू शकते. वाईट भाग पहिल्या तुकड्यात आला असावा. ते मनाने निर्मळ आहेत, त्यांना तेवढं पुरलं. बॅग भरून मुंबईला गेले.

हे मात्र उठले नाहीत. दुपारी मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांच्यापुढे दोन काचा होत्या. एक त्या पायाची. दुसरी 'आपला'. एक काढत, दुसरी लावत. पुन्हा पहिली. मी विचारलं, काय बघता? म्हणाले, वीण एकच आहे.

चहा तसाच निवला. त्यांनी मला काही विचारलं नाही.

विचारलं का नाही?

बुधवार, ता. ३ एप्रिल

पाडवा. गुढी उभारली. आज सांगायचं नाही, वर्षाचा पहिला दिवस, वाईट बोलू नये. कडुनिंबाचा पाला वाटून दिला. हे म्हणाले, यंदा कडू लागत नाही. मलाही लागला नाही.

टाकणखार घातला असता तर रंग टिकला असता. साधा आकडा घातला असता तरी चाललं असतं, एक आणि दोन. मला सुचलंच नाही. धन्याचं आयुष्य उणं होऊ नये म्हणून नाव लिहिलं नाही. हे तू ऐकतोस ना रे, गजानना? तुझ्या सोंडेवर माशी बसली होती का त्या दिवशी? कौल कुणी दिला मग?

उद्या सांगेन.

सोमवार, ता. ८ एप्रिल

नाही सांगितलं.

सांगितलं तर ह्यांचा पाय. सांगितलं तर जोतिबाचा पाय कुणी उतरवला, ते. पाय परत लावता येत नाही. डॉक्टरांची अब्रू, ह्यांची नोकरी, आणि राहीबाई ओट्यावर येऊन माझ्या झिंज्या धरील. धरू दे. तेवढंच असतं तर —

मग काय आहे? मला वाटतं, मी बोलले की ते खरं होईल. नाही बोलले तर अजून फूल उजवं आहे.

डोळे मिटले की जांभळे ठिपके दिसतात. आधी ओळीने उभे असत. आता फुटतात, एकाचे दोन, दोघांचे —

शुक्रवार, ता. १९ एप्रिल

राहीबाई आली होती. डोक्यावर टोपली, तिच्यात हळकुंडं, नवा गूळ, पडवळ. मला बघून टोपली खाली ठेवली आणि माझ्या पायांवर डोकं टेकलं. मी मागे सरले तर पुन्हा पुढे आली.

"ताई, तुमी लिवलं म्हणून मालक वाचला माझा. पाय गेला तर जाऊ दे. कुबडी घिऊन बांधावर बसतोय, शिव्या घालतोय आमाला. लय ग्वाड वाटतंय बगा त्या शिव्या ऐकून."

ऊस मोडून टाकला, एक बैल विकला. थोरला पोरगा शाळेतून काढला. हे सगळं ती हसत हसत सांगत होती.

जाताना कुंकू लावायला वाकली, आणि बोट तसंच थांबलं. म्हणाली, "कपाळावर हळदच लावलीया व्हय? कुंकू इसरलासा." मी सकाळी लावलं होतं. देवापुढे, आरशात बघून. तिने आपलं लावलं, बाजारचं, दाट. म्हणाली, तुमचं बी असंच ऱ्हाऊ दे.

माझं तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर होता. 'राहीबाई, बस जरा,' एवढंच निघालं. ती म्हणाली, गाडी चुकेल.

ती गेल्यावर आरशात पाहिलं. तिचं बाजारचं कुंकूसुद्धा —

गुरुवार, ता. २ मे

हे रात्री झोपत नाहीत, दिवसा खोकतात. कोरडा खोकला. धूळ आहे, म्हणतात. काल उपरण्यावर लाल ठिपका. मी तो धुतला. जड पाण्यात धरला आणि तो निळा होतो का, हे बघत उभी राहिले. मला हे काय झालं आहे?

गाठीवर पोटीस बांधते. हात ठेवला की आत ऊब असते, ताप आलेल्या मुलासारखी. ह्यांचं अंग वाळतं आणि ती भरते. ताटात वाढलेलं कोण जेवतं ते मला कळतं. आज दूधभात कालवताना मनात आलं, थोडं कमी वाढावं, म्हणजे तिला —

माझ्याच नवऱ्याला उपाशी ठेवायचा विचार केला मी.

सोमवार, ता. ६ मे

देवळात गेले नाही. मनुबाई विचारायला आल्या, सूनबाई अंगारा आणला नाहीस? मी म्हटलं, बरं नाही. त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग ह्यांच्या खाटेकडे. दारातून वळून म्हणाल्या, लालाला तार करते.

ह्यांनी ऐकलं. म्हणाले, तार नको. डॉक्टर येऊन काय करतील? आधी मला एकदा —

खोकल्याने वाक्य पुरं झालं नाही.

मंगळवार, ता. ७ मे

सांगितलं. सगळं. हळद, कुंकू, फूल, गोरा तुकडा.

हे छताकडे बघत होते. म्हणाले, पाडव्याच्या आदल्या दिवशीच कळलं मला. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, "तू कधी सांगतेस याची वाट बघत होतो." आणि थोड्या वेळाने, "नंतर वाटलं, नकोच सांगू दे."

तेव्हाच विचारलं असतंत तर! मीच ओरडले त्यांच्यावर. मी! एक महिना आम्ही दोघं एकाच घरात, एकमेकांचं तोंड बघत, पंक्तीला बसून —

शुक्रवार, ता. १० मे

गाठ फुटली. कातडी तडकली, आतलं बाहेर आलं. रंग न चढवताही दिसतं.

ह्यांनी स्वतःच वस्तऱ्याने एक कण काढला. मला बाटली धरायला लावली. हात हलला नाही त्यांचा.

चिठ्ठी पुढे केली. म्हणाले, लिही. नाव लिही माझं, आता काय उणं व्हायचं राहिलं आहे?

लिहिलं. पहिल्यांदा. अक्षर चांगलं आलं.

मंगळवार, ता. १४ मे

हे खाटेवरून उठून, भिंत धरत, तपासणीघरात गेले. मेण, यंत्र, रंग, सगळं त्यांनीच केलं. बसून, धापा टाकत. मी आडाचं पाणी आणून दिलं. काचेवर निळं चढलं, मग गुलाबी.

डॉक्टरांची गाडी संध्याकाळची. हे म्हणाले, त्यांच्या आधी तू बघ. मी बघणार नाही, म्हणाले. जोतिबाची चिठ्ठी तू लिहिलीस, ही काच पण तूच वाच. खोटं सांगायचं तर खोटं सांग, खरं सांगायचं तर खरं. पण या वेळी फुलाला विचारू नकोस.

खरं सांगितलं तर डॉक्टर गाडीतून उतरल्याबरोबर मिरजेला नेतील, पाय उतरवतील, आणि गाठीचं जे छातीत पसरलं आहे ते तसंच राहील. खोटं सांगितलं तर हे आज रात्री झोपतील.

डोळा लावला आहे. आधी काही दिसलं नाही, नुसता उजेड. मग —

ओळी नाहीत. एकही —

हे मागे उभे आहेत. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आहे, कढत. रजिस्टर डॉक्टरांच्या कपाटात, म्हणून ही वही पुढे सरकवली त्यांनी. म्हणतात, बोलू नकोस, तुझ्याच्याने बोलवणार नाही. आकडा लिही, मी वाचीन. कितवी पायरी —

लिहिते. पायरी